मदत हवी आहे: फवारणीनंतर माणसं आजारी पडतायत, नेमकं कोणतं औषध हे कसं शोधायचं?

शिवार_सहाजण

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, पीक कापूस आणि थोडं सोयाबीन. आम्ही सहा जण आहोत: दोघे फवारणीचे मजूर, दोघे शेतकरी, एक आशाताई, एक निवृत्त मास्तर. गेल्या पंधरवड्यात पराटीवर (कपाशीवर) फवारणी केलेल्या ११ जणांना त्रास झाला. मळमळ, उलट्या, अंगाची आग, आणि चौघांना अंधुक दिसणं. दोघे भरती होते, आता घरी आहेत. बहुतेकांनी दोन-तीन औषधं एकाच पंपात कालवून मारली होती. कृषी केंद्रवाला म्हणतो, तोंडाला रुमाल बांधला नाही म्हणून झालं. तक्रार करायला गेलो तर 'पुरावा काय' म्हणतात.

१) पुरावा म्हणजे नेमकं काय गोळा करायचं?
२) दवाखान्यात रक्ततपासणी 'नॉर्मल' आली. मग औषधाचा संबंध नाही असं समजायचं का?
३) प्रयोगशाळेत काय पाठवायचं?
४) जिल्ह्यात असे किती रुग्ण झाले हे कुठून कळेल?

कापूसकोंड्या

धागा नंतर वाचा, आधी धुऱ्यावर जा आणि रिकाम्या बाटल्या, डबे, पुड्या उचला. भंगारवाल्याकडे गेल्या की तुमचं प्रकरण संपलं.

हातात रबरी मोजे घाला. बाटली धुवायची नाही, आतलं ओतायचं नाही. झाकण घट्ट करून उभी ठेवा, एकात एक अशा दोन पिशव्यांत बांधा. बाहेर चिकटपट्टीवर लिहा: कोणाच्या शेतातून, किती तारखेला, कोणी उचलली. घरात, माजघरात, धान्याजवळ ठेवू नका. कुलपाची पत्र्याची पेटी उत्तम.

मग लेबलचे चारही बाजूंनी फोटो. त्यातलं व्यापारी नाव सगळ्यात कमी कामाचं. एकच औषध पन्नास नावांनी विकलं जातं, आणि एका अक्षराच्या फरकाच्या दोन नावांत दोन वेगळी रसायनं निघतात. वहीत उतरवा ते असं: तांत्रिक नाव आणि टक्केवारी (उदा. प्रोफेनोफॉस ४० टक्के + सायपरमेथ्रिन ४ टक्के), औषध द्रव, भुकटी की दाणेदार हे सांगणारी त्यापुढची अक्षरं (ईसी, एसएल, डब्ल्यूपी, डब्ल्यूजी), बॅच क्रमांक, उत्पादन आणि मुदतीची तारीख, नोंदणी क्रमांक, लेबलवरच्या त्रिकोणाचा रंग. बाटलीसोबत घडी घातलेलं माहितीपत्रक असतं, ते टाकू नका. कोणत्या पिकासाठी मान्यता आहे आणि विषबाधेवर उतारा काय, हे त्यातच छापलेलं असतं. बिल पक्कं नसेल तर बॅच लिहिलेलं बिल आता मागून घ्या.

त्रिकोणाबद्दल एक. निळा-हिरवा पाहून 'हे साधं आहे' म्हणू नका. तो रंग उंदरांना तोंडावाटे किंवा त्वचेवाटे किती मात्रा मारक ठरते यावरून ठरतो. तोंडावाटेचं माप असं: लाल १ ते ५० मिलिग्रॅम प्रति किलो, पिवळा ५१ ते ५००, निळा ५०१ ते ५०००, त्यापुढे हिरवा. आठ तास पाठीवर ओला पंप घेऊन फिरणाऱ्या माणसाचं काय होईल, हे तो रंग सांगत नाही.

वॉर्ड_क्रमांक_सात

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, असं समजायचं नाही.

ती तपासणी कोलिनेस्टरेझ या रक्तातल्या एन्झाइमची असणार. ती फक्त दोन गटांना पकडते, ऑर्गॅनोफॉस्फेट (प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅसिफेट, क्लोरपायरीफॉस) आणि कार्बामेट. सायपरमेथ्रिन, फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड यांत ती बिघडत नाही. डायफेन्थियुरॉनमध्येही नाही, कारण ते एन्झाइमला नव्हे तर पेशीच्या ऊर्जाकेंद्राला अडवतं. त्याला अ‍ॅट्रोपिन (ऑर्गॅनोफॉस्फेटवर देतात ते इंजेक्शन) हा उतारा नाही, खास असा कोणताच उतारा नाही, लक्षणांनुसारच उपचार करावे लागतात. म्हणून डॉक्टरांपर्यंत लेबल पोचणं महत्त्वाचं.

ऑर्गॅनोफॉस्फेटची ओळख ओलाव्यावरून होते: लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, जुलाब, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, स्नायू फडफडणं. सायपरमेथ्रिनमध्ये चेहऱ्याला-हातांना मुंग्या आणि आग. फिप्रोनिलमध्ये झटके येऊ शकतात.

अंधुक दिसणाऱ्या चौघांना एक प्रश्न नक्की विचारा: दिसणं कमी झालं ते इंजेक्शनच्या आधी की नंतर? अ‍ॅट्रोपिनने बाहुल्या मोठ्या होतात आणि जवळचं धूसर दिसतं. हे वेगळं काढलं नाही तर तुमचं सगळ्यात ठळक लक्षण समोरचा एका वाक्यात खोडून टाकेल.

'नॉर्मल' बद्दल आणखी. त्या तपासणीची रेंज फार रुंद असते. ज्याची मूळ (फवारणीआधीची) पातळी वरच्या टोकाला आहे, त्याची ४० टक्के घसरली तरी आकडा रेंजमध्येच बसतो. मूळ पातळी माहीत नसेल तर उलट्या बाजूने जा: फवारणी थांबवून ४ आणि ८ आठवड्यांनी, त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने पुन्हा तपासा. आकडा चढत गेला तर आधी तो पडलेला होता. प्लाझ्मातली (रक्तातल्या द्रवातली) पातळी काही आठवड्यांत भरून येते, तांबड्या पेशींतली भरायला तीन-चार महिने लागू शकतात. शक्य तर दोन्ही करा. प्लाझ्माची पातळी यकृताच्या आजारात, कुपोषणात, गरोदरपणातही कमी असते, तेही नोंदवा.

पुढच्या हंगामाआधी मूळ पातळी काढून ठेवा. किमान ३० दिवस औषधाशी संबंध नसताना, ३ ते १४ दिवसांच्या अंतराने दोन नमुने, त्यांची सरासरी. कॅलिफोर्नियात फवारणी कामगारांसाठी १९७४पासून अशी सक्ती आहे. तिथे पातळी मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की कामाची पद्धत तपासतात. तांबड्या पेशींतली ७० टक्क्यांवर किंवा प्लाझ्मातली ६० टक्क्यांवर आली की माणसाला कामावरून हटवतात, आणि ८० टक्क्यांवर परत आल्याशिवाय पुन्हा लावत नाहीत.

आता जे आजारी पडतील त्यांच्यासाठी: कपडे काढा, साबण-पाण्याने अंग-केस धुवा, उलटी काढू नका, १०८ बोलवा, बाटली पिशवीत घालून सोबत न्या. डॉक्टरांना सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या एम्समधलं विषमाहिती केंद्र चोवीस तास चालू असतं, १८०० ११६ ११७. ऑर्गॅनोफॉस्फेटमध्ये बरं वाटल्यावरही १ ते ४ दिवसांत मान उचलता न येणं, श्वास कमी पडणं असं होऊ शकतं. लवकर सुट्टी मागू नका.

आणि केसपेपर. आपल्याकडे 'औषध घेतलं' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. नातेवाईक घाबरून 'औषधानं झालं जी' म्हणतात, आणि कागदावर 'विष प्राशन' पडतं. भरती करतानाच स्पष्ट सांगा: 'फवारणी करताना झालं, प्यायलेला नाही, औषधाचं नाव हे'. आशाताईंनी एवढं एक काम धरलं तरी खूप आहे.

नमुना_थंड_ठेवा

तिसरा प्रश्न. 'यात विष आहे का बघा' असं म्हणून प्रयोगशाळा काही शोधू शकत नाही. कोणती रसायनं शोधायची ती यादी तुम्ही द्यायची, म्हणून वर सांगितलेली वही आधी.

काय पाठवता येईल: बाटलीतला उरलेला थेंब, पंपाच्या तळाचं पाणी, आणि न धुतलेला सदरा. सदऱ्याचा पाठीकडचा तुकडा अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा, मग पिशवी, मग बर्फ. एक कोरा नमुनाही द्या, म्हणजे त्या दिवशी फवारणीला न गेलेल्या माणसाचा सदरा, तसाच गुंडाळलेला. तो नसेल तर पिशवीतूनच आलं असं म्हणायला जागा राहते.

लघवी फवारणीनंतर ४८ तासांच्या आत घेतलेली आणि लगेच गोठवलेली हवी. इथे एक खड्डा आहे. ऑर्गॅनोफॉस्फेटसाठी नेहमी जी डायअल्किल फॉस्फेटची तपासणी करतात, तिच्यात प्रोफेनोफॉस दिसत नाही. त्याचं शरीरात जे रूप होतं ते, ४-ब्रोमो-२-क्लोरोफिनॉल, नावानिशी मागावं लागतं. तसंच सायपरमेथ्रिनला ३-फिनॉक्सिबेन्झोइक आम्ल, क्लोरपायरीफॉसला टीसीपी. डायफेन्थियुरॉन उन्हात आणि शरीरात बदलतं, म्हणून सदऱ्याच्या तपासणीत त्याच्या युरिया आणि कार्बोडायइमाइड या रूपांचीही नावं लिहून द्या. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडा, पण ती मान्यता तुमच्या रसायनासाठी आहे का ते त्यांच्या व्याप्तीच्या यादीत बघा. दारावरच्या पाटीवर विसंबू नका.

हे सगळं तुमच्या समजुतीसाठी. कायद्याने चालतो तो कीटकनाशक निरीक्षकाने दुकानातून, त्याच बॅचच्या सीलबंद मालातून काढलेला आणि तीन भागांत विभागलेला नमुना. म्हणून बॅच क्रमांकासह लेखी अर्ज आजच द्या. आठवड्याने तो माल दुकानात नसतो.

शिवार_सहाजण

खूप आभार. सात बाटल्या आणि तीन पुड्या मिळाल्या. अडचण अशी की ११ पैकी ९ जणांनी दोन-तीन औषधं कालवलेली, वर पीकवाढीचं टॉनिक. मग दोष कोणाचा हे कसं काढणार? आणि प्रमाण विचारलं तर सगळे 'दोन झाकणं' म्हणतात.

पराटी_डोक्याएवढी

झाकण घ्या, पाण्याने काठोकाठ भरा, मेडिकलमधल्या ५ मिलीच्या सिरिंजने मोजा. प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं निघेल. मग लेबलशी ताडा. प्रोफेनोफॉस + सायपरमेथ्रिनची शिफारस १० लिटरला २० मिली, म्हणजे १६ लिटरच्या पंपाला ३२. डायफेन्थियुरॉन ५० टक्के १० लिटरला १२ ग्रॅम, पंपाला १९. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाला एकरी पाणी कमी लागतं, म्हणून मात्रा तिप्पट सांगतात. त्यामुळे पाठीवर सांडणारं आणि तोंडावर येणारं द्रावणही तिप्पट तेज, वर तुषार बारीक. 'पंप कोणता' हा रकाना म्हणूनच सोडू नका.

आता दोष कोणाचा. फक्त आजाऱ्यांची यादी करून काही कळत नाही. त्या पंधरवड्यात गावात ज्यांनी ज्यांनी फवारणी केली त्या सगळ्यांची यादी करा, ठणठणीत असलेल्यांसकट. समजा ४० जण निघाले. औषध 'अ' वापरलेले १५, त्यांतले ९ आजारी. न वापरलेले २५, त्यांतले २ आजारी. ६० टक्के विरुद्ध ८ टक्के. हीच वाटणी प्रत्येक औषधासाठी करा, टॉनिकसाठीही. बिनलेबलच्या टॉनिकात काय असेल ते सांगता येत नाही. मग तपासा की 'अ' वापरणारेच पेट्रोल पंपवाले तर नाहीत ना. असतील तर साध्या पंपवाल्यांची वाटणी वेगळी करून पुन्हा मोजा.

बाकीचे रकाने: किती तास, किती पंप, वारा, पराटी कमरेएवढी की डोक्याएवढी, टाकीच्या झाकणाचं वायसर गळत होतं का, तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकलं का, त्रास किती तासांनी सुरू झाला. रुमालाचाही रकाना ठेवा, दुकानदाराच्या बोलण्याला आकड्यानेच उत्तर मिळेल. (ओला रुमाल औषध नाकाशी धरून ठेवतो, ही वेगळी गोष्ट.)

प्रश्न सगळ्यांना सारखाच, त्याच शब्दांत. 'त्या औषधानं झालं ना?' असं विचारलं की यादी बाद. कॅलिफोर्नियात लॅथ्रॉपच्या कारखान्यात १९७७ मध्ये कामगारांनी आपापसांत मुलं होतायत का एवढंच ताडून पाहिलं, त्यातून तपासण्या झाल्या आणि डीबीसीपी हे सूत्रकृमीनाशक पुरुषांना वंध्यत्व आणतं हे उघड झालं. प्राण्यांवरचे निष्कर्ष १९६१ पासून छापलेले होते, कामगारांना कोणी सांगितलं नव्हतं.

दहा_रुपयांचा_स्टॅम्प

चौथा प्रश्न. माहिती अधिकारात नावं मागू नका, खासगी माहिती म्हणून नाकारतील. आकडे मागा. दोन अर्ज, प्रत्येकी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

पहिला, जिल्हा शल्यचिकित्सक किंवा वैद्यकीय महाविद्यालय: जुलै ते नोव्हेंबर, महिनावार, कीटकनाशक विषबाधेचे भरती रुग्ण आणि मृत्यू. आजाराच्या संकेतांकानुसार मागा: टी ६० (त्यात टी ६०.० म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट-कार्बामेट), आणि कारणासाठी एक्स ४८ अपघाती, एक्स ६८ हेतुपुरस्सर. मागची तीन वर्षंही.

दुसरा, जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी: कोणत्या औषधांचे किती नमुने काढले, किती अप्रमाणित निघाले, किती परवाने निलंबित झाले, आणि कीटकनाशक अधिनियम १९६८ च्या कलम २६ खाली विषबाधेच्या किती खबरी आल्या.

पोलिसांची नोंद हलकी समजू नका. २०१७ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात शेकडो भरती झाले, वीसहून जास्त दगावले, आणि राज्याने पाच औषधांवर ६० दिवसांची बंदी घातली. रुमालाची गोष्ट तेव्हाही ऐकवली गेली. पण पोलिसांच्या कागदांत ९६ प्रकरणांत एकाच औषधाचं नाव लिहिलेलं निघालं. २०२० मध्ये ५१ शेतकऱ्यांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये तक्रार गेली. ते औषध बनवणाऱ्या कंपनीला आरोप मान्य नाही, पण नाव लिहिलेलं होतं म्हणून प्रश्न तरी विचारता आला.

मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के सापडलं तर उत्पादनाची तारीख बघा. केंद्राने २०२३ मध्ये ते बंद करायचा आदेश काढलाय.

दुर्दैवाने कोणी दगावलं तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून २ लाख मिळतात, त्यात फवारणीची विषबाधा येते. व्हिसेरा (शवविच्छेदनातले अवयवांचे नमुने) राखून ठेवायला सांगा, त्याशिवाय दावा अडतो. शेतमजुराच्या नावे सातबारा नसतो, तो या योजनेत बसत नाही. त्यांच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज द्यावा लागेल.

शिवार_सहाजण

शेवटचं एक. यादीत बायका घ्यायच्या का? त्या फवारत नाहीत, पण पाणी आणून देतात.

पराटी_डोक्याएवढी

घ्या ताई/दादा, वेगळ्या पानावर. तीन कामं विचारा: ड्रममध्ये औषध कालवलं का (आणि काडीने की हाताने), फवारलेले कपडे कोणी धुतले, फवारणीनंतर किती दिवसांनी निंदणाला गेल्या. कालवणाऱ्याच्या हातावर न पातळ केलेलं औषध येतं.