चित्रपंखी माशी, पण पंखांवर चित्रच नाही!

राजारामपुरी: फायसिफोरा नावाच्या माश्यांवरचं टिपण मराठीत आणतेय आणि पहिल्याच ओळीत अडलेय. कुल युलिडायडी, जुन्या पुस्तकांत ओटिटिडी. या कुलातल्या पुष्कळ माश्यांच्या पंखांवर पट्टे-ठिपके असतात, म्हणून 'चित्रपंखी माशी' लिहिलं. पण फायसिफोराचे पंख जवळजवळ काचेसारखे स्वच्छ! अंग काळसर-हिरवं, चकाकतं. पट्टे आहेत ते डोळ्यांवर. बाबांनी वाचून विचारलं, "यात चित्र कुठाय?" शिवाय फायसिफोरा ही 'प्रजाती' (genus) म्हटलं की लोक 'जाती' (species) समजतात.

निवृत्त मास्तर: 'प्रजाती' सोडू नका. हिंदीत आपल्या जातीला 'प्रजाति' म्हणतात आणि आपल्या प्रजातीला 'वंश'. वर्तमानपत्रांनी तेच उचललं, घोळ तिथून. 'चित्रपंखी' हे कुलाचं नाव, ते राहू द्या.

शिरोळकर: चित्रपंखी म्हटलं की माझ्या आईला फुलपाखरूच दिसणार. जनावराला आपण बांडं, कबरं म्हणतोच की. मग कबरी माशी का नको? संस्कृतच कशाला लागतंय प्रत्येक वेळी?

निवृत्त मास्तर: 'चित्र' म्हणजे नुसती तसबीर नव्हे, ठिपक्याठिपक्यांचं, रंगीबेरंगी हाही जुना अर्थ. चितळ, चित्ता त्याच घरातले. हे परके शब्द आहेत का?

शिरोळकर: मग 'चितळी माशी' म्हणा, मास्तर! चितळ तुमचं, माशी आमची.

राजारामपुरी: चितळी गोड आहे. पण फायसिफोराच्या पंखांवर ठिपका तरी कुठाय?

मळेवाला: काहीही म्हणा, फक्त फळमाशी नको. ती टेफ्रिटिडी या दुसऱ्या कुलातली. पंख तिचेही नक्षीचे, पण ती आंब्यात, दोडक्यात अंडी घालती. आंब्याला आम्ही रक्षक सापळा लावतो, मिथाइल युजेनॉलच्या वासानं नर येतात. तुमची ही उकिरड्यावर, शेणखतात वाढणारी. नावात घोळ झाला तर एखादा उगाच फवारा मारंल.

राजारामपुरी: हे महत्त्वाचं, दादा. टिपणात घालते.

शिरोळकर: आमच्या गुऱ्हाळावर काकवीच्या डब्याभोवती घोंगावतात ती चिलटं यातलीच का?

मळेवाला: चिलटं नव्हं, केमरं.

शिरोळकर: केमरं डोळ्यापुढं नाचतात. काकवीवर बसतात ती चिलटं. आजी तसंच म्हणायची.

मळेवाला: आमची आजी उलटं म्हणायची. हातकणंगल्याची होती.

निवृत्त मास्तर: मग घुंगुरटं कशाला म्हणायचं?

राजारामपुरी: मास्तर, माझ्या काचपंखी चित्रपंखीचं काय करू?

शिरोळकर: घुंगुरटं कानाशी गुणगुणतं ते. त्यात वाद नाही.

मळेवाला: आहे.