के-२ ची गोळी: हाडांना आधार की खिशाला कात्री?

पारिजातक
आई ६८ वर्षांची. तीन महिन्यांपूर्वी ओट्याजवळ सांडलेल्या पाण्यावरून घसरली, हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व तपासायला सांगितलं, ते १४ निघालं. २० च्या खाली म्हणजे कमतरता. चिठ्ठीवर दोन गोष्टी आल्या. आठवड्यातून एकदा ६०,००० युनिटचं डी-३ चं पाकीट दुधातून, असे आठ आठवडे. शिवाय रोज एक गोळी, तिच्यात कॅल्शियम, डी-३ आणि 'के-२-७', म्हणजे के जीवनसत्त्वाचा एक प्रकार.

साधी कॅल्शियम-डी ची गोळी याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळते. दुकानातल्या मुलाला विचारलं, हे के कशाला? तो म्हणाला, "काकू, ड कॅल्शियम रक्तात आणतं, के ते हाडांत नेऊन ठेवतं. के नसलं तर तेच कॅल्शियम हृदयाच्या नळ्यांत जाऊन बसतं." (काकू म्हणाला ते सोडून देते.)

माझं मत: ड हवं, कॅल्शियम हवं, के-२ म्हणजे भीती घालून विकलेली वस्तू. खोडून काढा.

शेपूची_जुडी
काढते. त्या मुलाने सांगितलं ते कंपनीच्या माणसाने घडवलेलं वाक्य असेल, पण खोटं नाही. के म्हणजे मुळात रक्त गोठवणारं जीवनसत्त्व. डेन्मार्कच्या हेन्रिक दामने शोधलं, तिकडच्या 'कोआगुलेशन' शब्दातला के घेतला, १९४३ चं नोबेल त्याला आणि डॉइझीला मिळालं. पुढे कळलं की रक्तापलीकडेही त्याचं काम आहे. हाडांत ऑस्टिओकॅल्सिन नावाचं प्रथिन असतं, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एमजीपी नावाचं. दोन्ही तयार होतात तेव्हा बिनआकड्याच्या गळासारखी असतात. के त्यांना आकडा बसवतं, मग ती कॅल्शियम पकडतात. एमजीपीचा जनुकच काढून टाकलेल्या उंदरांच्या धमन्या इतक्या कडक झाल्या की दोन महिन्यांत उंदीर मेले. ही प्रयोगशाळेतली गोष्ट आहे, जाहिरातीतली नाही.

शिवाय नेदरलँड्समध्ये २४४ बायकांना, पाळी गेल्यानंतरच्या, तीन वर्षं रोज १८० मायक्रोग्रॅम एमके-७ (तुमच्या गोळीतलं के-२-७ तेच) दिलं. मणक्याची आणि खुब्याच्या मानेची झीज कमी झाली.

पारिजातक
उंदराचा जनुक काढणं आणि माझ्या आईला पालेभाजीतलं के थोडं कमी पडणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे ना?

डेन्मार्कमध्येही पाळी गेलेल्या बायकांना तीन वर्षं ३७५ मायक्रोग्रॅम दिलं, म्हणजे तुमच्या दुप्पट. हाडांच्या घनतेत फरक नाही. हृदयाचं म्हणाल तर तिथलाच आणखी एक प्रयोग, २०२२ चा. ३६५ पुरुष, महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साचलेलं. दोन वर्षं रोज ७२० मायक्रोग्रॅम के-२ आणि जोडीला ड. झडपेवरचं साचणं थांबलं नाही की मंदावलं नाही. 'नळ्यांत जाऊन बसतं' हे ऐकवणाऱ्याने हेही ऐकवावं.

शेपूची_जुडी
साचून झालेलं काढणं अवघडच. मी आधीपासून साचू न देण्याबद्दल बोलतेय.

आणि तुमच्या लाडक्या ड चं काय? अमेरिकेत २५,८७१ लोकांना पाच वर्षांहून जास्त काळ रोज २,००० युनिट किंवा नकली गोळी दिली. हार्ट अटॅक तितकेच, पक्षाघात तितकेच, अस्थिभंगही तितकेच. मग ड पण बंद करायचं का?

खडीसाखर
जुडीताई, त्या प्रयोगातल्या बहुतेकांचं ड आधीच बरं होतं. भरलेल्या हंड्यात पाणी ओतून हंडा जड झाला नाही म्हणणं झालं ते. इथे काकूंचं १४ आहे. (पारिजातक, तुम्हाला काकू म्हणालो नाही, आईंना म्हणालो.) कमतरतेत ड द्यायचंच, कारण ते नसलं तर आतडं खाल्लेलं कॅल्शियम नीट शोषत नाही. निरोगी माणसाने हृदयासाठी म्हणून ड घेणं मात्र मलाही पटत नाही.

कोकणकडा
गोळ्या कशाला? सकाळचं कोवळं ऊन फुकट आहे. आमच्या आज्या बाळाला तेल लावून उन्हात ठेवायच्या, कोणाची हाडं मोडली?

खडीसाखर
आज्यांची हाडं मोडायची, फक्त 'म्हातारी पडली आणि गेली' एवढंच म्हणायचे.

कोवळ्या उन्हात नेमकी त्वचेत ड बनवणारी यूव्ही-बी किरणंच फार थोडी असतात. सोपी खूण: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर ड जवळजवळ बनत नाही. आणि बंद काचेच्या गॅलरीत बसून ऊन खाणाऱ्यांनी तर आशाच सोडावी, काच ती किरणं अडवते. माझे वडील वर्षभर तेच करत होते, वर पेपरही वाचून व्हायचा.

भीमथडी
वाद चालू द्या, पण एक गोष्ट इथे कोणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. बाबांच्या हृदयात धातूची झडप आहे, रोज रक्त पातळ ठेवायची गोळी चालू. ती गोळी काम करते ती के ला आडवी जाऊनच. मागच्या दिवाळीत आत्याने प्रेमाने 'हाडांच्या' गोळ्यांचा डबा आणला. घरात कोणी मागचं बारीक छापलेलं 'के-२' वाचलं नाही. तीन आठवड्यांनी आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) १.६. बाबांचा २.५ च्या वर हवा असतो. झडपेवर गुठळी झाली असती तर आज मी इथे आकडे टाईप करत बसलो नसतो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, नवीन काय सुरू केलं? आम्ही म्हणालो, काही नाही, फक्त व्हिटॅमिन.

हे जुन्या पद्धतीच्या गोळ्यांबद्दल, वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल. नव्या गोळ्यांना के चा अडसर होत नाही, पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. पालेभाजी आम्ही बंद केली नाही. रोज साधारण तेवढीच खायची, एवढंच पाळतो.

शेपूची_जुडी
बापरे. भीमथडी, हे वरच यायला हवं होतं. माझ्या पहिल्याच प्रतिसादात.

उगवतीकडे
टोकियोहून. इथे के-२ म्हणजे नट्टो, आंबवलेलं सोयाबीन. पहिल्यांदा डबी उघडली तेव्हा वाटलं खराब झालंय. चमच्यामागे तारा येतात, वास ओल्या मोज्यांचा. आठ वर्षांनी आता भातावर मोहरी घालून आवडीने खातो.

गंमत वेगळीच आहे. जपानमध्ये ठिसूळ हाडांवर औषध म्हणून एमके-४, म्हणजे के-२ चाच दुसरा प्रकार, देतात ते दिवसाला ४५ मिलिग्रॅम, म्हणजे ४५,००० मायक्रोग्रॅम. आईंच्या गोळीवर के किती आहे बघा बरं.

पारिजातक
४५. मायक्रोग्रॅम.

खडीसाखर
एमके-४ शरीरातून लवकर जातं, एमके-७ बराच काळ टिकतं, त्यामुळे सरळ भागाकार करू नका. पण जपानचा दाखला देऊन ४५ मायक्रोग्रॅम विकणं हे जरा...

शेपूची_जुडी
बरं, डोस तोकडा आहे हे मान्य. के ला महत्त्व नाही हे अमान्य. गोळी नको तर मेथी, पालक, चाकवत, माझी शेपू आहेच. त्यातलं के-१ तेलात विरघळतं, म्हणून लसणाची फोडणी घातलेली भाजी उकडलेल्या पाल्यापेक्षा सरस. आपल्याकडे के ची शिफारस दिवसाला ५५ मायक्रोग्रॅमची, वाटीभर पालेभाजीत सहज निघते.

घाटमाथा
तुम्ही सगळे के वर भांडताय, मी घरात ड ने माणूस आडवा झालेला पाहिलाय. मामेसासरे. ६०,००० चं पाकीट आठवड्यातून एकदा लिहिलेलं, यांनी रोज घेतलं, संपलं की परत आणलं. दोन महिने. 'पावडरच आहे, गोड लागते.' आधी बद्धकोष्ठ, मग ओकाऱ्या, सारखी तहान, शेवटी बोलण्यात गोंधळ. रक्तात कॅल्शियम चढलेलं, मूत्रपिंडावर ताण. आठवडाभर सलाईन. दुकानदाराने एकदाही चिठ्ठी मागितली नाही.

पारिजातक, आधी पाकिटं मोजा.

पारिजातक
आत्ता फोन करून मोजायला लावली. आठातली पाच उरलीत, आठवडे तीन झालेत. हिशेब जुळला. फक्त दुधाने कसंसं होतं म्हणून ती ताकातून घेते, तेही सकाळी अनशापोटी.

खडीसाखर
ताक चालेल, अनशापोटी नको. जेवणानंतर घेऊ दे, ड ला तूप-तेलाची सोबत लागते.

पारिजातक
सांगते. गोळीचं पुढच्या भेटीत डॉक्टरांनाच विचारते, बिन-के ची साधी चालेल का. जुडीताई, तुमचं पूर्ण पटलं नाहीये अजून.

शेपूची_जुडी
नका पटवून घेऊ. ओट्यापुढे रबरी तळाचं पायपुसणं टाकलंत का?

पारिजातक
...नाही. उद्या आणते.