पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा फ्रॅक्चर टफनेस (भेग वाढण्याला होणारा विरोध): एकाच ब्लॉकचे आकडे इतके वेगळे का?

भेगाळ: १०० किलो/घनमीटरचा कडक पीयू फोम, एका बाजूला खाच, तीन-बिंदू वाकवण चाचणी, एएसटीएम डी ५०४५ (प्लास्टिकच्या टफनेसची मानक पद्धत) प्रमाणे. नमुने एकाच ब्लॉकचे, तरी आकडे वरखाली. वर रोलरखाली फोम दबतो ते वेगळंच. सर म्हणतात खाच अजून धारदार कर. नवीन ब्लेड लावलं, फरक शून्य.

पोकळी: पडणारच नाही फरक. ब्लेडचं टोक फोमच्या पेशीपेक्षा, म्हणजे त्यातल्या एकेका कप्प्यापेक्षा, कितीतरी बारीक असतं. त्यापुढे धार वाढवून भेगेला काय कळणार? ब्लेड चालवता कसं ते सांगा. ठोकून किंवा दाबून घातलंत तर टोकापुढच्या पेशी चिरडतात. तुटलेला नमुना तिरप्या उजेडात धरा, खाचेच्या शेवटी भुकटीसारखी मळकट रेघ दिसली तर तोच प्रकार. ब्लेड हलक्या हाताने ओढत न्या. खाचेत पातळ शाई सोडली की तुटल्यावर खरी खोली मोजता येते. ती नमुन्याच्या खाचेच्या दिशेतल्या रुंदीच्या ०.४५ ते ०.५५ पट हवी.

पण माझा संशय घनतेवर. ब्लॉकच्या सालीजवळ फोम दाट, मध्यात विरळ. गिब्सन-अ‍ॅशबीच्या (फोमचे गुणधर्म घनतेवरून काढणाऱ्या) उघड्या पेशींच्या मॉडेलमध्ये टफनेस घनतेच्या दीडाव्या घातात वाढतो, म्हणजे घनतेत १० टक्के फरक असेल तर इथे १५ टक्के. प्रत्येक नमुना खाच पाडण्याआधी वजन करून मोजा. कंटाळवाणं आहे, पण निम्मी भांडणं तिथेच मिटतात. आणि फुगण्याच्या दिशेतले (फोम तयार होताना ज्या दिशेने फुगला ती) आणि आडवे नमुने एकाच सरासरीत घालू नका.

रोलरवाला: रोलरखाली दबण्याचं म्हणाल तर, टफनेस लोडवरून काढता, तिथे त्रास कमी. ऊर्जेवरून 'जी' (भेग वाढायला लागणारी ऊर्जा) काढणार असाल तर मात्र दबण्याचं विस्थापन वजा करावंच लागेल. बिनखाचेचा तुकडा त्याच रोलरांमध्ये, वाकणार नाही असा ठेवून दाबा आणि तो आलेख वजा करा. जाड रोलर मिळाले तर उत्तमच.

भेगाळ: नमुने कापूनच आलेत, फुगण्याची दिशा कुणी सांगितली नाही. आता कळेल?

पोकळी: भिंगाखाली नमुन्याच्या एकमेकींना लागून असलेल्या तिन्ही बाजू बघा. दोन बाजूंवर पेशी लांबट दिसतील, ती लांबी म्हणजे फुगण्याची दिशा. तिसरीवर गोल.