रॅलीवाल्यांनाच फायदा? मला नाही पटत

‘रेस ऑफ चॅम्पियन्स’मध्ये, म्हणजे वेगवेगळ्या मोटरस्पर्धांचे ड्रायव्हर सारख्या गाड्यांत एकमेकांशी भिडतात त्या शर्यतीत, रॅलीवालेच (खडबडीत, बर्फाळ रस्त्यांवर वेळेशी झुंजणारे) जिंकणार, असं काही जण म्हणतात. सुरुवातीला तसंच होतं. १९८८ मध्ये फिनलंडचा रॅली ड्रायव्हर हेन्री तोइव्होनेनच्या स्मरणार्थ सुरू झालेली ही स्पर्धा मुळात रॅलीचीच. पण २००४ ला पॅरिसच्या स्टेडियममध्ये सर्किटवर (बंदिस्त रेस ट्रॅकवर) वाढलेल्या हेइक्की कोवालायनेनने अंतिम फेरीत थेट रॅलीचा जगज्जेता सेबास्टियन लोएबला हरवलं!

खरी कसोटी गाडीशी जुळवून घेण्याची आहे. दोघांना सारख्याच गाड्या, शेजारी-शेजारी ट्रॅक, मध्ये एक ट्रॅक दुसऱ्यावरून नेणारा पूल, त्यामुळे दोघंही दोन्ही बाजूंनी धावतात. गाडी अनोळखी, सरावाला वेळ जेमतेम. तिथे हात किती लवकर बसतो, तेवढंच महत्त्वाचं. हां, २०२२ ला स्वीडनच्या बर्फावर लोएबने फॉर्म्युला वनच्या सेबास्टियन व्हेटेलला अंतिम फेरीत हरवलं, तिथे रॅलीचा अनुभव नक्कीच कामी आला. पण व्हेटेल बर्फावर अंतिम फेरीपर्यंत पोचला, हे मला जास्त भारी वाटतं.