पेडल स्टीलवाले एकाच ब्रँडला का चिकटून राहतात?

मींड_आणि_स्लाइड
हवाईन गिटार वाजवतो, आता पेडल स्टीलकडे (पायानं पेडल आणि गुडघ्यानं नी-लिव्हर ढकलून तारांचा सूर बदलणारी स्टील गिटार) वळायचंय. मुक्काम डॅलस. दोन वाद्यं पाहून ठेवली आहेत: १९७०च्या दशकातलं शो-बड (३ पेडल, २ नी-लिव्हर) आणि त्यामानानं नवं ऑल-पुल (सूर चढवताना आणि उतरवतानाही रॉड ओढणारं) एमएसए (३ पेडल, ४ नी-लिव्हर). दोन्ही ई९ जुळणीची (तारा कोणत्या सुरांत लावायच्या त्याची एक पद्धत). इथले वादक आपला ब्रँड सोडून दुसऱ्याचं नाव काढू देत नाहीत. हा नुसता अभिमान, की हाताला खरंच फरक जाणवतो?

बेलक्रँक
हाताला कमी, पायाला जास्त. ए पेडल ५वी आणि १०वी तार बी वरून सी शार्पवर नेतं. त्याच वेळी डावा गुडघा डावीकडे ढकलला की ४थी आणि ८वी ई वरून एफवर जाते. म्हणजे घोटा खाली आणि गुडघा बाजूला, एकाच क्षणी. पेडल किती खोल जातं, लिव्हर मांडीपासून किती लांब, दाब किती लागतो, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. अर्ध्या इंचाचा फरक पडला तरी सूर उशिरा पोचतो. २ऱ्या तारेला डी शार्पवरून डी आणि पुढे सी शार्प असा हाफ-स्टॉप (मधला थांबा) असतो. तो काही वाद्यांवर ठणकून लागतो, काहींवर लागला की नाही हेच कळत नाही. वर्षानुवर्षं एका यंत्रावर पाय बसला की माणूस ते का बदलेल?

दुसरं कारण सुट्या भागांचं. बेल क्रँक, पुल रॉड, क्रॉस शाफ्ट, चेंजरची (तारांचा सूर चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या टोकाच्या यंत्राची) बोटं, यातलं एका कंपनीचं सहसा दुसरीला बसत नाही. पेटीत साठवलेले सुटे भागच माणसाला बांधून ठेवतात.

बर्लिंग्टन६३
निष्ठेचं कौतुक थोडं आवरा. शो-बड उभं केलं शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स या स्टीलवादकांनी. त्याच एमन्सनं १९६३ मध्ये रॉन लॅशलीबरोबर स्वतःच्या नावाची वेगळी कंपनी काढली. म्हणजे ज्याच्यावरून ही भांडणं चालतात, तोच यंत्रणा पटेना म्हटल्यावर निघाला!

एमन्स पुश-पुलचे भक्त मात्र विनाकारण भक्त नाहीत. तिथं तारेखालचं बोट अखंड असतं. सूर चढवताना रॉड ओढतो, उतरवताना ढकलतो, आणि पेडल सोडलं की बोट स्टॉपवर घट्ट टेकतं. ऑल-पुलमध्ये चढवायचा आणि उतरवायचा भाग रिव्हेटनं जोडलेला असतो. आवाजातला फरक इथूनच येतो असं ते मानतात, आणि मला ते पटतं. किंमत मात्र मोजावी लागते: रॉडवरच्या कॉलरला किंचित ढील ठेवावी लागते. ती संपली की बोट स्टॉपवर टेकत नाही आणि उघडी तार भरकटते. नवशिक्यानं त्या वाटेला जाऊ नये.

नायलॉन_ट्यूनर
ब्रँड बाजूला ठेवा, सूर दाखवणारा ट्यूनर घेऊन जा.

आधी ४थी तार उघडी ई ला लावा. एफ करून सोडा, काटा पाहा. मग ई फ्लॅट करून सोडा, पुन्हा पाहा. दोन्ही वेळा सूर एकाच जागी परतला पाहिजे. परतत नसेल तर चेंजर कोरडा आहे, रिटर्न स्प्रिंग थकली आहे, किंवा एंडप्लेटवरचा नायलॉन ट्यूनर (रॉडच्या टोकाचा नट) इतका आवळलाय की रॉडला ढीलच उरली नाही. तिसरं असेल तर हा नट थोडा मागे फिरवला की काम झालं.

मग तीच तार छेडून ए आणि बी पेडल एकदम दाबा. ४थीशी त्यांचा संबंध नाही, तरी बॉडी वाकल्यामुळे ती उतरते. ५ सेंटच्या (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) आसपास चालेल. त्याहून फार जास्त असेल तर दर कॉर्डला बेसूर ऐकू येईल, आणि त्यावर घरगुती इलाज नाही.

शेवटी ३री तार, जी शार्प, ०.०११ गेज. हीच सारखी तुटते, कारण बी पेडल तिला ए वर ओढतं. बोटाच्या माथ्यावर नख फिरवा. खाच लागली तर तार काढून १००० आणि मग २००० नंबरच्या पॉलिश पेपरनं तारेच्या दिशेनं घासायचं. चेंजर धुवायला लायटर फ्लुइड, नंतर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. डब्ल्यूडी-४० नको, त्यावर धूळ बसून चिकटा होतो.

मींड_आणि_स्लाइड
आभार. शो-बडला दोनच लिव्हर आहेत, ते अडेल का?

बेलक्रँक
अडेल. आजचे बहुतेक धडे चार लिव्हर धरूनच चालतात, आणि जुन्या शो-बडला दोन वाढवायच्या तर त्याच काळातले भाग शोधत बसावं लागेल. एमएसए घ्या. फक्त पेडलचा क्रम पाहून घ्या: डावीकडून ए-बी-सी म्हणजे एमन्स सेटअप, सी-बी-ए म्हणजे डे सेटअप. डे सेटअपमध्ये एफची लिव्हर बहुधा डाव्या गुडघ्याच्या उजवीकडे असते. ज्यांच्याकडे शिकणार त्यांचा क्रम आधी विचारा, मगच पैसे द्या.