मदत हवी आहे: आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या ४/८/१६ ओहम टॅपसाठी कोणता स्विच लावावा?

नमस्कार मंडळी. घरी बांधलेला पुश-पुल अॅम्प्लिफायर आहे. दोन ईएल८४ (पॉवर व्हॅक्यूम ट्यूब), कॅथोड बायस, साधारण १५ वॅट. ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (ट्यूबकडचं वाइंडिंग) प्लेट ते प्लेट ८ हजार ओहम, सेकंडरीला (स्पीकरकडच्या वाइंडिंगला) ४, ८ आणि १६ ओहमचे टॅप, म्हणजे त्या त्या स्पीकरसाठी काढलेली टोकं. स्पीकर कधी एक ८ ओहमचा, कधी तसेच दोन समांतर, कधी जुना १६ ओहमचा. दर वेळी वायर बदलण्याऐवजी मागच्या पट्टीवर रोटरी स्विच बसवायचा आहे.

टॅप तपासून झाले आहेत. पूर्ण प्रायमरीला ६.३ व्होल्ट एसी दिल्यावर अनुक्रमे ०.१४, ०.२ आणि ०.२८ व्होल्ट मिळाले, म्हणजे गुणोत्तर बरोबर आहे. निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलट्या दिशेने मागच्या टप्प्याला परत देणं) ८ ओहमच्या टॅपवरून घेतला आहे. ती वायर स्विचमध्ये न आणता तिथेच कायम ठेवणार. ४ ओहमवर पूर्ण आवाजात जवळजवळ २ अँपिअर जातात, म्हणून स्विच ५ अँपिअरचा घेईन.

खरी काळजी वेगळीच आहे. चालू अॅम्प्लिफायरवर कुणी स्विच फिरवला आणि क्षणभर लोड (म्हणजे स्पीकर) सुटला, तर प्रायमरीवर उसळणारा व्होल्टेज वाइंडिंगचं इन्सुलेशन फोडू शकतो. हा ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळणं कठीण आहे. प्रत्येक टॅपला वेगळा जॅक द्यायला पट्टीवर जागा नाही.

तर आधी जोडून मग तोडणारा स्विच घ्यावा का? त्यात दोन टॅप क्षणभर शॉर्ट होतात, ते ईएल८४ला चालेल? की साधा स्विच घेऊन १६ ओहमच्या टॅपवर २२० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडला तर पुरेल?