लहान विमान कंपनीच्या भरवशावर सहलीचे पॅकेज आखावे का?

किनाराघर: तारकर्लीला आमची निवास-न्याहारीची व्यवस्था आहे. पुण्याच्या पाहुण्यांना घाटातला रात्रभराचा प्रवास नको असतो, म्हणून 'फ्लाय ९१' या लहान विमान कंपनीच्या पुणे–सिंधुदुर्ग विमानासह तीन रात्रींचे पॅकेज विकण्याचा विचार आहे. एका सहल आयोजकाने मात्र पूर्ण विमानच चार्टर करण्याचा, म्हणजे अख्खे भाड्याने घेण्याचा, सल्ला दिला आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

हिशेबनीस: चार्टरचा विचार तूर्तास सोडून द्यावा. चार्टरमध्ये विमान भरण्याची जबाबदारी कंपनीकडून तुमच्या अंगावर येते. सत्तरपैकी चाळीसच जागा विकल्या गेल्या तरी पैसे पूर्ण विमानाचे मोजावे लागतात. गोव्यात परदेशी पर्यटकांना घेऊन येणारी चार्टर विमाने नवा गट उतरवून आधीचा गट परत नेतात, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीची परतीची आणि अखेरची येतानाची फेरी तेवढी रिकामी जाते. तुमचा गट एकच असेल, तर विमान त्याला सोडून रिकामे परतेल, न्यायलाही रिकामेच येईल आणि दोन्ही फेऱ्या तुमच्याच बिलात लागतील.

धावपट्टी: वरील मताशी सहमत आहे, मात्र नियमित विमानावरही डोळे झाकून विसंबू नये. 'फ्लाय ९१' मार्च २०२४ मध्ये गोव्यातील मोपा येथून सुरू झाली. तिची सत्तरेक आसनांची एटीआर ७२-६०० विमाने अशा जवळच्या मार्गांना साजेशी आहेत, कारण त्यांना इंधन कमी लागते आणि ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या विमानांना देशांतर्गत सेवेत लँडिंग शुल्क माफ असते. परंतु ताफा लहान असला की एक विमान दुरुस्तीला गेल्याबरोबर सगळे वेळापत्रक कोलमडते. शिवाय चिपीचा, म्हणजे सिंधुदुर्ग विमानतळाचा, पूर्वानुभव विसरू नका: ऑक्टोबर २०२१ मध्ये लहान शहरांच्या विमानसेवेला सरकारी अनुदान देणाऱ्या 'उडान' योजनेतून सुरू झालेली मुंबईची सेवा योजनेची तीन वर्षांची मुदत संपल्यावर बंद पडली. फलकावर विमानाचे चित्र रंगवण्याची घाई नको!

हिशेबनीस: म्हणूनच तिकीट पाहुण्यांनी स्वतः काढावे आणि तुम्ही राहणे, जेवण व चिपीहून गाडी एवढेच विकावे, म्हणजे फेरी रद्द झाल्यास परताव्याचा वाद तुमच्या दारात येणार नाही. त्याच गाडीचा मोपाहून आणण्याचा दरही आधीच लिहून द्यावा, कारण तेथे पुण्याहून इतर कंपन्यांचीही विमाने उतरतात.

किनाराघर: आभारी आहे. मे महिन्यात परतताना प्रत्येकाला आंब्याची पेटी न्यायची असते; तेव्हा सामानाच्या वजनाची मर्यादाही त्याच दरपत्रकात छापून टाकतो.